खोटं सुतक

हे लिहावं की नाही, या विचारात मी बरेच महिने घालवले. अनुभव म्हणून लोक जे सांगतात त्यात दर्शन असतं, सुवास दरवळतो, हातून निसटलेलं काहीतरी अचानक परत मिळतं. माझ्याकडे तसलं काही नाही. माझ्या अनुभवाची सुरुवातच एका खोट्याने होते, आणि ते खोटं मी देव्हाऱ्यापासून चार हातांवर उभी राहून, डोळ्याला पदर लावून बोलले. तरीही त्यातून पुढे जे झालं त्याला कृपा म्हणण्यावाचून दुसरा शब्द मला सुचत नाही, म्हणून लिहितेय. नाव मात्र लिहिणार नाही. तेवढी भीती अजून शिल्लक आहे.

मी भाईंदर पूर्वेला, नवघरमध्ये राहते. सासर रोह्याकडचं. यजमान इथे भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर होते. चार वर्षांपूर्वी ते गेले. खोकला, ताप, मग वजन उतरत गेलं; टीबी म्हणाले, आम्हीही टीबीच म्हटलं. पॉलिशच्या धुळीत पंधरा वर्षं काढलेल्या माणसाच्या छातीबद्दल कोणी जास्त प्रश्न विचारत नाही. मूलबाळ झालं नाही. मी घरी ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-बिडिंग करते. बेव्हर्ली पार्कमधल्या बायका माझ्याकडे यायच्या, कारण माझी बाही कधी खांद्यावर चढत नाही. गेल्या वर्षी पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन ठरलं आणि त्याआधी रक्त तपासायला दिलं. दोन दिवसांनी पुन्हा बोलावून पुन्हा रक्त घेतलं, तेव्हाही मला वाटलं की यांच्याकडून बाटली हरवली असेल. मग एका मॅडमने मला छोट्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं, आणि माझ्या रक्तात एचआयव्ही सापडलाय असं सांगितलं.

मॅडम वाईट नव्हत्या. बराच वेळ बोलत होत्या. रोज एक गोळी, सरकारी केंद्रात फुकट मिळते, नेमाने घेतली तर माणूस इतरांसारखं जगतं, जेवणा-खाण्यातून, शिवण्यातून काही पसरत नाही, असं सगळं. मी मान डोलवत होते आणि मनात एकच हिशोब चालू होता: यजमानांना ठाऊक होतं का? माझ्या नवऱ्याने माझ्यापासून लपवलं, की त्यालाही कळलं नव्हतं? हे विचारायला आता तो नाही. त्याच्या फोटोला रोज घातलेला हार आठवला आणि त्या हाराचा राग आला, मग त्या रागाची लाज वाटली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "ताई, पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला येताना घरचं एक माणूस सोबत घेऊन या. कोणीतरी लक्ष ठेवणारं असलेलं बरं." मी हो म्हटलं. घरचं माणूस सोबत नसेल तर गोळी मिळणार नाही, असा मी त्याचा अर्थ घेतला. आणि घरचं माणूस तर मला एकही नव्हतं.

घरी आले ती सरळ स्वयंपाकघरात गेले आणि एक ताट, एक वाटी, एक पेला बाजूला काढला. माझ्यासाठी वेगळा. घरात मी एकटी. मी कोणापासून वेगळं करतेय हे लक्षात यायला मला तीन दिवस लागले, आणि लक्षात आल्यावरही मी त्याच ताटात जेवत राहिले. शिलाईची सुई बोटाला टोचतेच. दुसऱ्याच्या कापडावर आपल्या रक्ताचा ठिपका पडला तर, या विचाराने हाताला घाम फुटायचा. डोळ्यांचा त्रास सुरू झालाय असं सांगून मी लोकांचे ब्लाउजपीस परत केले. आणि देव. माझा बाळकृष्ण, अन्नपूर्णा, कुलदेवीचा टाक. वीस वर्षं रोज सकाळी त्यांना न्हाऊ घातलं, गंध लावलं. त्या दिवसानंतर मी देव्हाऱ्याजवळ गेले नाही. मला कोणी मनाई केली नव्हती. पुजाऱ्याला नाही विचारलं, पोथीत नाही पाहिलं. मीच ठरवलं की या रक्ताचा हात देवाला लागता कामा नये.

आमच्या बिल्डिंगच्या भिंती पातळ आहेत. माझी घंटा समोरच्या कदमकाकूंना ऐकू जाते आणि त्यांची मला. दोन दिवस घंटा वाजली नाही म्हणून काकू दार वाजवत आल्या. या काकू खेडच्या, सत्तरीच्या घरातल्या, सोवळ्या-ओवळ्याला एकदम कडक. त्यांना काय सांगावं हे मला सुचेना. दारात उभं राहून, तोंडाला येईल ते बोलले. "सुतक आलंय, काकू. गावी आमचे चुलत सासरे गेले. दत्तारामकाका." दत्तारामकाका हे नाव का आलं? कारण ते सगळ्यात म्हातारे, सगळ्यात लांबचे, आणि इतक्या वर्षांत एकदाही भाईंदरला न आलेले. मारायला सोयीचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊबंदांत कोणी गेलं की दहा दिवस घरच्यांनी देवाला शिवायचं नाही. पण देव पारोसे ठेवायचे नाहीत, म्हणून दुसऱ्या आडनावाचं कोणीतरी येऊन पूजा करून जातं. मी हे बोलले तेव्हा यातलं काही डोक्यात नव्हतं. काकूंच्या होतं. "मग तुझे देव मी बघते," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी दहा वाजता, स्वतःच्या घरचं आवरून, आंघोळीच्या ओल्या केसांनी हजर. त्या दिवशी सोबत पिठलं-भाकरीही आणली, कारण सुतकातल्या घरी पहिला घास शेजारणीने द्यायचा असं त्यांचं म्हणणं. मी ते पिठलं खाल्लं आणि भाकरीच्या प्रत्येक घासाला माझं खोटं आठवत होतं. चव मात्र चांगली होती, हेही खरं सांगायला हवं.

मग एक गंमतच झाली. बातमी बिल्डिंगभर पसरली. भाजीवाला म्हणाला, "भाभी, सुना आपके घर गमी हो गई, भगवान हिम्मत दे." खालच्या मजल्यावरची गुजराती बाई केळी देऊन गेली. माझे सुजलेले डोळे, न विंचरलेले केस, चार माणसांत न जाणं, सगळ्याला कारण मिळालं होतं. लोक माझं सांत्वन करत होते आणि मला सांत्वन हवंच होतं. फक्त ते दुसऱ्याच कोणाच्या मरणाबद्दल होतं. मी खरी रडायचे. ते बघून त्यांना वाटायचं, केवढी माया आहे हिची चुलत सासऱ्यांवर. ते निघून गेले की घर अजून रिकामं वाटायचं. इतकी माणसं येऊन गेली आणि त्यातल्या एकालाही ठाऊक नाही की आपण कोणासाठी आलो होतो. एवढी एकटी मी यजमान गेले तेव्हाही पडले नव्हते.

दहावा दिवस आला. काकू म्हणाल्या, "उद्या डोक्यावरून आंघोळ कर, गोमूत्र शिंपड, झालं. देव तुझ्या ताब्यात." मी घाबरले. उद्यापासून पुन्हा देवाला हात लावायचा? आणि मग मी जे केलं त्याची मला अजून लाज वाटते. मी काकींनाही घालवलं. म्हटलं, गावाहून फोन आला, दत्तारामकाकांच्या पाठोपाठ काकीही गेल्या. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दहा दिवस पण नाही राहवलं तिला," त्या म्हणाल्या. "जोडी असावी तर अशी." आणि पुढच्या दहा दिवसांसाठी माझा देव्हारा त्यांनी पुन्हा स्वतःकडे घेतला. त्या वाकून बाळकृष्णाला गंध लावायच्या आणि मी खुर्चीत बसून पाठमोऱ्या काकूंकडे बघत राहायचे. गोळ्या सुरू करायची तारीख निघून गेली होती. केंद्रातून दोनदा फोन आला, मी उचलला नाही. मनात कुठेतरी ठरून गेलं होतं की हे असंच चालू द्यायचं, आणि एक दिवस आपोआप संपेल.

दुसऱ्या सुतकाच्या सहाव्या दिवशी काकू पूजा करत असताना बेल वाजली. मी आत होते. काकूंनी हातातली पळी खाली ठेवून दार उघडलं. बाहेर पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर पिशवी आणि दम लागलेला एक म्हातारा. जिना चार मजल्यांचा आहे, लिफ्ट नाही.

"सूनबाय हाय का घरात? मी दत्ताराम. रोह्याकडनं आलोय."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. काका आपले चपला काढत सांगत होते, "दरसाल देवीचा नारळ कोणाच्या तरी हाती धाडतो. औंदा कोन गावलाच न्हाय. म्हातारी म्हनली, तुमीच जावा. तिनं कडवे वाल दिलेत बघ तुला." काकूंनी देवापुढचं निरांजन सरळ केलं, तांब्या उचलला आणि माझ्या अंगावरून निघून गेल्या. त्यांचं दार लागल्याचा आवाज आला. त्या आपटून दार लावणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी हळूच लावलं, आणि ते मला जास्त लागलं.

काकांना पाणी दिलं. माझ्या ताटाजवळचा पेला चुकून हातात आला होता, तो ठेवून दुसरा घेतला. त्यांनी ते पाहिलं. म्हणाले, "काय झालंय गो?" मी आधी खोट्यापासून सुरुवात केली, कारण ते सोपं होतं. तुम्हाला मी मेलेलं सांगितलंय, काका. काकींनाही. "म्हंजे दोघांनाबी?" ते म्हणाले आणि हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले. आमच्याकडे समजतात की जिवंत माणसाच्या मरणाची आवई उठली तर त्याचं आयुष्य वाढतं. "बरं केलंस," ते म्हणाले. "म्हातारीला सांगतो, अजून दहा वर्सं तुझी सुटका न्हाय." मग हसू थांबलं आणि त्यांनी विचारलं, "पन कशापायी?" त्या माणसाला मी कधी तोंड वर करून बघितलं नव्हतं, लग्नानंतर त्यांच्यासमोर डोक्यावर पदर असायचा. त्यांना मी सगळं सांगितलं. रक्त, रिपोर्ट, देव, सुई, ताट, आणि त्यांच्या पुतण्यावरचा रागही.

त्यांना किती समजलं मला माहीत नाही. आजाराचं नाव त्यांनी ऐकलं होतं, गावाच्या भिंतीवर पूर्वी रंगवलेलं असायचं. पुतण्याबद्दल ऐकलं तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ ती नीट करत बसले. मग एवढंच विचारलं, "दवा हाय का यावर?" म्हटलं, आहे. "चालू केलीस?" नाही. "का न्हाय?" म्हटलं, घरचं माणूस घेऊन यायला सांगितलंय. काका माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी साधा हिशोब चुकलेय. "मग मी काय कावळा हाय?" ते म्हणाले. "उद्या जाऊ."

आम्ही गेलो. केंद्रात बाकावर माझ्यासारखीच माणसं होती. एक लग्नाच्या बांगड्या घातलेली मुलगी, एक दाढीवाले चाचा, कॉलेजची बॅग घेतलेली कोणीतरी. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. काका मात्र प्रत्येकाला "कुठनं आलात?" विचारत होते, मी त्यांचा सदरा ओढून गप्प करत होते. त्याच मॅडम भेटल्या. रागावल्या, मग म्हणाल्या, "अहो ताई, एकट्या आला असतात तरी दिल्याच असत्या. सोबत कोणी असावं म्हणून सांगितलं, अट नव्हती ती." सोळा दिवस आणि दोन मरणं मी त्या एका वाक्यावर घालवली होती. काकांनी विचारलं, "सूनबायच्या हातचं जेवन चालतं ना आमाला?" मॅडम म्हणाल्या, चालतं. "त्ये मला म्हाईत व्हतं," काका म्हणाले, "हिच्या कानावर जावं म्हनून विचारलं." रक्त घेतलं, बाकीच्या तपासण्या झाल्या, आणि गोळ्यांची बाटली हातात आली. निघताना मॅडम म्हणाल्या, "बाबा तर गावाला जातील. जवळ राहणारं कोणी विश्वासाचं आहे का?" मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि काकांनी माझ्याकडे पाहिलं. नाव त्यांनी घेतलं नाही. ते मी घ्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी काका गेले. नारळ फोडून देवापुढे त्यांनीच ठेवला होता, मी हात लावला नाही. जाताना म्हणाले, "त्या बाईनं माज्या नावानं सोळा दिस देवाची सेवा केलीय. तिला खोट्यात नको ठिऊ." संध्याकाळपर्यंत मी घरात येरझारा घातल्या. मला गोळीची भीती राहिली नव्हती. मरणाचीही फारशी नव्हती. भीती होती ती समोरच्या दाराची. काकूंना कळलं आणि त्यांनी तोंड फिरवलं, तर या बिल्डिंगमध्ये, या गावात माझ्यासाठी दुसरं कोणीच नव्हतं. न सांगता राहिले असते तर निदान रागावलेल्या काकू तरी शिल्लक राहिल्या असत्या. शेवटी मी देवाकडे बघून म्हटलं, मला काही ठरवता येत नाही, तू बघ. इतक्या वर्षांत त्याच्याकडे पुष्कळ काही मागितलं होतं. काही न मागता त्याच्यावर सोपवायची ही पहिलीच वेळ होती.

काकू मेथी निवडत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, मी उंबऱ्याशीच बसले. आधी माफी मागितली, मग कारण सांगितलं. आजाराचं नाव घेतलं तेव्हा त्यांचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. "नवऱ्याकडून?" म्हटलं, बहुतेक. बराच वेळ नुसती पानं खुडल्याचा आवाज. मग त्या म्हणाल्या, "आधीच मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं असं वाटलं तुला?" एक पिवळं पान त्यांनी बाजूला टाकलं. "मलापण माहीत नाही मी काय केलं असतं," त्या म्हणाल्या. त्या इतकं खरं बोलल्या की मला धीरही आला आणि रडूही. मग त्यांनी जुडीचे देठ कागदात गुंडाळले आणि म्हणाल्या, "सुतक माणूस मेल्यावर असतं. तुझ्याकडे कोणी मेलेलं नाही. उद्यापासून मी पूजेला येणार नाही. तुझे देव तू बघ." मी उठले. त्यांनी वर पाहिलं नाही. मला वाटलं, संपलं.

सकाळी मी डोक्यावरून आंघोळ केली. नऊ वाजता गोळी घेतली. मग देव्हाऱ्यासमोर बसले आणि बाळकृष्णाला उचललं. काही झालं नाही. तो पूर्वी होता तेवढाच गार आणि गुळगुळीत होता. मी त्याला न्हाऊ घातलं, पुसलं, गंध लावलं, घंटा वाजवली. मन शांत झालं असं लिहायला मला आवडेल, पण तसं झालं नाही. मला फार एकटं वाटलं. पूजा झाल्यावर मी तिथेच भिंतीला टेकून बसून राहिले.

दहा वाजता बेल वाजली. काकू होत्या, आंघोळीच्या ओल्या केसांनी. आत आल्या, देवाला नमस्कार केला आणि पाटावर बसल्या. "पूजा झाली ना? मग तीर्थ दे." मला वाटलं, आपण काही चुकीचं ऐकलं. त्यांनी उजवा हात पुढे केला. डोळे मात्र देवाकडे होते, माझ्याकडे नाही. काकू घाबरल्या होत्या; शंका विचारायला त्यांच्याजवळ कोणी मॅडम नव्हत्या, रात्रभर त्यांनी काय काय विचार केला असेल देव जाणे. पण हात पुढेच होता. मी पळीने त्यांच्या तळहातावर तीर्थ सोडलं. त्यांनी ते प्यायलं, ओला हात डोळ्यांना आणि डोक्याला लावला. "गोळी घेतलीस?" म्हटलं, घेतली. "रोज दहाला येते मी," त्या म्हणाल्या. "गोळी आधी, मग तीर्थ."

याला आता आठ महिने झाले. ऑपरेशन झालं, शिलाई पुन्हा सुरू केली. औषध चांगलं लागू पडलंय असं केंद्रात सांगतात. तिसऱ्या माणसाला मी अजून सांगितलेलं नाही आणि संध्याकाळी घर अजूनही मोठं वाटतं. यजमानांच्या फोटोला हार घालते, काही दिवस मनापासून, काही दिवस सवयीने. देवीचा नारळ त्याच वर्षी कोणाच्या हाती का गेला नाही, यावर मी वाद घालणार नाही. काका म्हणतात माणूस मिळालं नाही, इतकंच. मला एवढं कळलं की मी माझा भार देवावर टाकतेय असं वीस वर्षं समजत होते, आणि तो खरोखर टाकायची वेळ आली तेव्हा त्याने मला समोरच्या दारापर्यंत चालायला लावलं. रोज सकाळी हात जोडते तेव्हा आधी दत्तारामकाकांचं नाव घेते, मग कदमकाकूंचं. देवाचं नाव त्यानंतर येतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नसावं.